दिवाळीची भेट संक्रांतीला: ऊसतोड टोळीच्या मुलांसाठी केलेल्या एका उपक्रमाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सांगली जिल्ह्यातील एका जिल्हा परिषद शाळेचे, त्या शाळेच्या शेजारी दर हंगामाला उतरणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचे आणि सांगली शहरातून त्या टोळ्यांच्या मुलांसाठी दिवाळीची भेट घेऊन जाणाऱ्या आमच्या लहानशा गटाचे आहे. गाव कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यातले, पलूस-वाळवा भागातले आहे. गावाचे, शाळेचे आणि माणसांचे नाव मी घेतलेले नाही, कारण ज्या मुलांविषयी लिहिते आहे ती ओळखू यावीत अशी माझी इच्छा नाही. २०२२ च्या दिवाळीत आम्ही मनापासून कष्ट घेतले, लोकांनी विश्वासाने पैसे दिले, आणि तरीही ती भेट ज्या घरांत पोहोचायला हवी होती तिथे ती भेट म्हणून पोहोचली नाही. पुढच्या हंगामात तेच काम आम्ही वेगळ्या रीतीने केले. दोन्ही वर्षांत काय घडले आणि प्रत्येक निर्णय कशामुळे झाला, हे इथे सविस्तर मांडते आहे.

टोळी, कोपी आणि शाळा

ऊसतोडीचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आमच्या शाळेजवळच्या माळावर दरवर्षी तीन टोळ्या उतरतात. दोन बीड जिल्ह्यातून येतात आणि एक आपल्याच जिल्ह्याच्या जत तालुक्यातून, कर्नाटकाच्या सीमेलगतच्या गावांतून. पाचट, बांबू आणि ताडपत्री यांच्या कोप्या एका दिवसात उभ्या राहतात आणि पुढचे पाच-सहा महिने तेच घर असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम, म्हणजे टोळीला कामावर आणणारा ठेकेदार, हंगामाच्या आधीच कोयत्यामागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती तोडलेल्या उसाच्या टनांमधून फेडून घेतो. हंगामात बाजारहाटासाठी लागणारे पैसेही बहुतेक वेळा त्याच्याकडूनच घेतले जातात आणि तेही त्याच्या वहीत चढतात. या वहीचा उल्लेख आत्ताच करून ठेवते, कारण आमचे पहिले वर्ष तिच्यापाशीच अडखळले.

मुलांपुरते बोलायचे तर कायद्याची बाजू स्पष्ट आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ सालचा आहे आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात बसवायचे, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारायचा नाही, आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे स्थानिक प्राधिकरणाने पाहायचे, हे सारे त्यात आहे. गाव सोडताना मूळ शाळेने शिक्षण हमी कार्ड द्यावे आणि ते दाखवून मुलाने नव्या गावच्या शाळेत बसावे, अशी व्यवस्था महाराष्ट्रात आहे. प्रत्यक्षात टोळी पहाटे ट्रकमध्ये चढते तेव्हा भांडी, अंथरुणे, शेळ्या आणि ज्वारी-बाजरीची पोती यांच्या गर्दीत ते कार्ड बरोबर येतेच असे नाही. गणवेश मूळ शाळेत मिळालेला असतो आणि तो तिकडेच राहतो. त्यामुळे इथल्या वर्गात ही मुले पहिल्या दिवसापासून कपड्यांवरून वेगळी दिसतात. गावची मुले त्यांना ‘कोपीवरची’ म्हणतात. त्या शब्दात दरवेळी हेटाळणी असते असे नाही, पण अंतर मात्र असते.

शाळा पहिली ते सातवीची आहे. गावची ४८ मुले, चार शिक्षक, आणि मुख्याध्यापिका बाई अशा की हंगाम सुरू झाला की शाळा सुटल्यावर स्वतः माळावर जाऊन कोणकोण मुले आली हे पाहणाऱ्या. या सगळ्या प्रकरणात योग्य ते प्रश्न वेळेवर विचारणाऱ्या त्याच होत्या. पहिल्या वर्षी आम्ही त्यांचे पुरेसे ऐकले नाही.

२०२२: यादीतली मुले आणि माळावरची मुले

सप्टेंबरात आम्ही वर्गणी गोळा करायला सुरुवात केली. आमच्या गटात बँकेतले, महाविद्यालयातले, दोन दुकानदार आणि माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका असे चौदा जण होते. मुलामागे ६०० रुपयांचा अंदाज धरला आणि प्रत्येकासाठी एक पिशवी ठरवली: मुलींना फ्रॉक, मुलांना शर्ट-पँट, रंगपेटी, दोन वह्या आणि घरी केलेला फराळ. बाईंकडे नावांची यादी मागितली. त्यांनी मागच्या हंगामाच्या हजेरीवरून ३१ नावे दिली आणि देतानाच सांगितले की ही मुले परत येतील याची खात्री नाही, टोळ्या बदलतात, आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी त्या इथे पोहोचतील असेही नाही. आम्ही ते वाक्य ऐकले आणि यादी घेऊन बाजारात गेलो.

त्या वर्षी गाळपाला १५ ऑक्टोबरपासून परवानगी होती, म्हणून टोळ्या दिवाळीआधीच येतील असे आम्ही धरून चाललो. पण पाऊस ऑक्टोबरभर रेंगाळला, रानात पाणी राहिले, आणि वाफसा नसताना, म्हणजे रान पुरेसे सुकलेले नसताना, तोड सुरू होत नाही. लक्ष्मीपूजन सोमवारी, २४ ऑक्टोबरला होते. आम्ही गुरुवारी, २० तारखेला, टेम्पो भरून शाळेत पोहोचलो तेव्हा यादीतल्या ३१ पैकी तीन मुले हजर होती. त्यांची घरे गाड्यांच्या दुरुस्तीसाठी लवकर आली होती, एवढाच योग.

त्यानंतर जे झाले त्याची मला आजही टोचणी आहे. इतक्या लांब आलो आहोत तर निदान तिघांना तरी देऊ, असे म्हणून आम्ही पटांगणात फलक बांधला, तिघांना पुढे बोलावले, आणि गावच्या ४८ मुलांना समोर मांडी घालून बसवून टाळ्या वाजवायला लावल्या. त्या ४८ मध्ये भूमिहीन मजुरांची मुले होती, वडील वारलेली दोन भावंडे होती. चौथीतल्या एका मुलाने शेजारच्या शिक्षकांना विचारले, ‘गुरुजी, माझं नाव कधी घेणार?’ गुरुजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि काही उत्तर दिले नाही. पुढे बोलावलेल्या तिघांपैकी सर्वांत मोठी मुलगी पिशवी छातीशी धरून फोटो होईपर्यंत जमिनीकडे पाहत उभी राहिली. त्या हंगामातला तिचा शाळेतला तो पाचवा दिवस होता. वर्गात मिसळून जाण्यासाठी ज्या मुलीला कोणाच्या नजरेत न भरणे आवश्यक होते, तिला आम्ही सगळ्या शाळेसमोर ‘गरजू’ म्हणून उभे केले होते.

उरलेल्या २८ पिशव्या सांगलीला परत आल्या. चिवडा आणि चकल्या टिकणार नव्हत्या, त्या आम्ही दुसरीकडे देऊन टाकल्या. कपडे आणि रंगपेट्या मात्र ठेवल्या, आणि टोळ्या आल्याचे कळल्यावर रविवारी, ४ डिसेंबरला, थेट माळावर गेलो. सकाळी दहाची वेळ आम्हाला सोयीची होती. त्या वेळी कोप्यांवर म्हातारी माणसे, लहान मुले आणि एक मुकादम एवढेच असतात, कारण जोड्या पहाटेच फडात गेलेल्या असतात. मुकादमाने आमचे अगत्याने स्वागत केले, मुलांची रांग लावली, आणि आपल्या वहीत पाहून एकेक नाव पुकारायला सुरुवात केली. आम्हाला हायसे वाटले. इतकी शिस्त आम्हाला शाळेतही जमली नव्हती.

माप मागच्या वर्षीच्या मुलांच्या वयावरून काढलेले होते आणि मुले वेगळी होती. नऊ वर्षांच्या मुलीला सहा वर्षांच्या मुलीचा फ्रॉक मिळाला. तिने तो अंगाला लावून पाहिला, घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवला, आणि कडेवरच्या भावाला रंगपेटीचे झाकण वाजवायला दिले. जतकडच्या टोळीतल्या मुलांना आम्ही मराठी गोष्टींची पुस्तके दिली. त्यांतली निम्मी मुले गावी जिल्हा परिषदेच्याच कन्नड माध्यमाच्या शाळेत जात होती. ती पाने उलटून चित्रे पाहत राहिली.

आम्ही निघता निघता दुपार टळली, आणि जवळच्या फडातून काही बाया वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, मोळ्या डोक्यावर घेऊन परतल्या. त्यांतली एक मोळी टाकून माझ्याजवळ आली. मुलाच्या हातातल्या पिशवीकडे बोट करून तिने विचारले, ‘ताई, ह्याचं किती कटणार?’ मला प्रश्न कळला नाही. मी म्हटले, ही भेट आहे, दिवाळीची. ती म्हणाली, ‘मुकादमानं नाव वाचून दिलं म्हणं.’ एवढे बोलून ती मुलाला घेऊन कोपीत गेली.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. पाच पिशव्या शाळेत परत आल्या होत्या. प्लास्टिकचे वेष्टनही काढलेले नव्हते.

परत आलेल्या पाच पिशव्यांचा अर्थ

बाईंनी तो अर्थ आम्हाला फोनवर नव्हे, समोर बसवून सांगितला, आणि तो सांगताना आमच्यावर राग धरला नाही. या कुटुंबांच्या हिशेबात मुकादमाच्या वहीत नाव वाचून जे हाती येते ते कर्ज असते. तांदूळ असो, औषध असो, पोराच्या आजारपणात दिलेले दोनशे रुपये असोत, वहीत नाव आले की हंगामाच्या शेवटी ते टनांमधून वजा होते. मुकादमाने त्या दिवशी काही लबाडी केली असे माझे म्हणणे नाही. मुलांची नावे जिथे लिहिलेली होती तीच वही त्याने उघडली. चूक आमची होती, कारण ज्याच्या हातून दिले गेले की कपडा उचल ठरतो, नेमक्या त्याच हातात आम्ही तो कपडा सोपवला होता. ज्या आईने पिशवी उघडलीही नाही, तिने आपल्या मुलाचा आनंद नाकारला नव्हता. तिने न मागितलेले कर्ज नाकारले होते.

मला हे उमजायला खरे तर इतका वेळ लागायला नको होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आम्ही स्वतः घेणाऱ्यांच्या रांगेत उभे होतो. राज्यभरातून मदत आली, त्या मदतीने अनेक घरे तरली, आणि त्याच मदतीत जुन्या, न घालता येण्याजोग्या कपड्यांचे ढीगही होते. आपल्या मापाचे काय आहे हे न विचारता कोणी काही हातात दिले की कसे वाटते, हे पूर पाहिलेल्या सांगलीकराला दुसऱ्याने शिकवायला नको. तीन वर्षांत आम्ही ते विसरलो होतो.

त्या बैठकीत गटात मतभेद झाले आणि ते इथे नोंदवणे गरजेचे आहे. एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की पाच पिशव्या परत आल्या म्हणजे तेवीस राहिल्या, मग एवढे मनाला लावून घेण्याचे कारण नाही. दुसऱ्यांचे म्हणणे होते की भेट शाळेतील हजेरीशी जोडावी: जो महिनाभर नियमित येईल त्यालाच द्यावी, म्हणजे भेटीचा शिक्षणाला उपयोग होईल. हा दुसरा मुद्दा मला त्या वेळी पटला होता. बाईंनी तो ठामपणे नाकारला. त्यांचे कारण असे की जी मुले शाळेत येत नाहीत ती बहुतेक कोपीवर धाकट्या भावंडाला सांभाळत असतात, आणि जी बारा-तेरा वर्षांची आहेत ती फडात मोळ्या बांधत असतात. येणे न येणे त्यांच्या हातात नसते. त्यांना भेटीतून वगळले तर सर्वांत जास्त ओझे वाहणाऱ्या मुलालाच आपण शिक्षा करतो. यावर आमच्यापैकी कोणापाशी उत्तर नव्हते.

२०२३-२४: तारीख बदलली, हात बदलले

पहिला बदल तारखेचा होता आणि तोच सर्वांत अवघड ठरला. दिवाळी हा आमच्या देण्याचा सण आहे. बोनस हातात असतो, घरात फराळ असतो, देणाऱ्याचे मन मोकळे असते. पण टोळीच्या वाट्याची दिवाळी एक तर प्रवासात जाते, नाही तर गाव सोडून निघण्याच्या घाईत. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते आणि गाळपाची परवानगी १ नोव्हेंबरपासून होती, म्हणजे वरवर पाहता वेळ जुळत होती. तरीही ऊसदराच्या आंदोलनामुळे सांगली-कोल्हापूर पट्ट्यात तोडी अडल्या आणि माळावर उतरलेल्या टोळ्या दिवसचे दिवस कामाविना बसून राहिल्या. ज्या घरात टनावर मजुरी मिळते आणि टन निघत नाही, त्या घरासमोर आम्ही त्या आठवड्यात आकाशकंदील घेऊन गेलो नाही, हे बरेच झाले.

संक्रांत बाईंनी सुचवली. जानेवारीच्या मध्यावर सगळ्या टोळ्या आलेल्या असतात, मुले वर्गात रुळलेली असतात, थंडी असते, आणि तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालत असल्याने दिवस आपल्या सोयीने निवडता येतो. याहून मोठे कारण त्यांनी शेवटी सांगितले. दिवाळीची भेट एकाकडून दुसऱ्याकडे जाते. तिळगूळ मात्र दोघांनी एकमेकांना द्यायचा असतो, आणि ज्याच्या हातात चार दाणे आहेत तोही देणारा होतो. मी आयुष्यभर संक्रांत केली, पण सणाच्या या अंगाचा उपयोग असा करता येईल हे माझ्या मनात आले नव्हते.

वर्गणीवर परिणाम झाला. दिवाळीला जे सहज देत होते त्यांच्यातले बरेच जण जानेवारीत देईनात. फोटो मिळणार नाहीत हे आधीच सांगितल्यावर आणखी काही गळाले. मागच्या वर्षीच्या निम्म्याहून थोडे अधिक पैसे जमले. हा या पद्धतीचा तोटा आहे आणि तो दरवर्षी राहणार, असे मला वाटते.

दुसरा बदल विचारण्याचा. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघी, बाईंबरोबर, संध्याकाळी सातनंतर माळावर गेलो, कारण आई-वडील त्याच वेळी भेटतात. गाडी रस्त्यावरच ठेवली. चुली पेटलेल्या होत्या. त्यांच्या उजेडातच बोलणे झाले. मुलांना काय हवे आहे, असा प्रश्न विचारला की ‘द्याल ते द्या’ असे उत्तर येते, हे बाईंना ठाऊक होते. म्हणून त्यांनी वेगळे विचारले: पोरांची पुस्तके कुठे ठेवता? एका आईने कोपीच्या आतल्या बाजूला बांबूत खोचलेली पिशवी काढून दाखवली. त्या वर्षीपासून बालभारतीची पुस्तके चार भागांत आणि वहीच्या पानांसह येऊ लागली होती. पिशवीत त्यांतले दोनच भाग होते. एकाची पाने दवाने ओली होऊन फुगली होती, आणि दुसऱ्याचा कोपरा शेळीने खाल्लेला होता, थेट पान विसापासून पान साठापर्यंत, अर्धवर्तुळाकार. मुलगी म्हणाली की उरलेले दोन भाग गावी आजीच्या घरी राहिले.

त्याच रात्री शेजारच्या दोन कोप्यांतून एकच मागणी आली: पत्र्याची पेटी. कडी-कोयंडा असलेली, शेळीला उघडता न येणारी, पाणी आत न जाणारी, आणि हंगाम संपल्यावर गाडीवर बांधून नेता येणारी. आम्ही चौदा सुशिक्षित माणसांनी दोन वर्षे खरेदीच्या याद्या केल्या होत्या आणि त्यांतल्या एकाही यादीत पेटी नव्हती.

दुसरी मागणी स्वेटरची होती. पहाटे तीन-चारला जोड्या निघतात तेव्हा मुले उठतात आणि शेकोटीपाशी बसून राहतात, तिथपासून शाळेची घंटा होईपर्यंतचे तास थंडीतच जातात. या वेळी मापे अंगावर घेतली. बाईंनी दोऱ्याला गाठी मारून प्रत्येक मुलाची छाती आणि बाही मोजली आणि दोऱ्यांना नावाच्या चिठ्ठ्या बांधल्या. टेप घेऊन गेलो असतो तर मुले बुजली असती, असे त्यांचे म्हणणे होते. मला ते खरे वाटते.

मुकादमाला डावलणेही योग्य नव्हते. टोळीचा सगळा व्यवहार त्याच्याशी बांधलेला असतो आणि त्याला बाजूला ठेवल्याचा राग शेवटी कुटुंबांवरच निघू शकतो. म्हणून बाई त्याला वेगळ्या भेटल्या, चहा घेतला, आणि शाळेच्या कागदावर लिहिलेले पत्र त्याच्या हाती दिले: या वस्तू शाळेकडून पालकांना दिल्या जात आहेत, त्यांचा उचलीशी किंवा मजुरीशी काही संबंध नाही. तेच पत्र त्यांनी तिन्ही तळांवर मोठ्याने वाचून दाखवले, आणि जतच्या टोळीत कन्नड-मराठी दोन्ही बोलणाऱ्या एका आजोबांनी ते कन्नडमध्ये सांगितले. वाचन संपल्यावर ‘मग वहीत नाय ना?’ असा प्रश्न दोनदा आला आणि दोन्ही वेळा मुकादमानेच ‘नाही’ म्हणून उत्तर दिले. मला वाटते, त्या संध्याकाळी झालेले सर्वांत मोलाचे काम तेच होते.

शुक्रवारी, १९ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी, पेट्या आणि स्वेटर कोप्यांमध्ये पालकांच्या हाती दिले. मुलांना ते आमच्याकडून मिळाले नाहीत. आई-वडिलांनी त्यांना कधी आणि कसे दिले, हे आम्ही पाहायला थांबलो नाही. गावातल्याही आठ घरांमध्ये स्वेटर त्याच रीतीने गेले. कोणती आठ, हे बाईंना माहीत होते आणि आम्ही विचारले नाही. शाळेत येणारी सतरा आणि न येणारी नऊ असा भेद माळावर कुठेही केला नाही. शाळेच्या वयाची २६ मुले होती, त्या २६ ही जणांच्या घरी वस्तू पोहोचल्या.

शनिवारी सकाळच्या शाळेत तिळगुळाचा कार्यक्रम झाला. हळदीकुंकू ठेवावे, अशी गावातल्या काही जणींची इच्छा होती. बाईंनी ते मान्य केले नाही, कारण टोळीत तीन विधवा आया होत्या आणि एकट्या अर्ध्या कोयत्यावर त्या आपल्या मुलांना वाढवत होत्या. त्यांना ज्या कार्यक्रमात पुढे येता येणार नाही तो शाळेचा कार्यक्रम होऊ शकत नाही, एवढेच त्या म्हणाल्या. प्रत्येक मुलाला, गावच्या आणि टोळीच्या, तिळाच्या सारख्याच पुड्या दिल्या आणि सांगितले की या दुसऱ्याला वाटायच्या आहेत. वर्गवाचनासाठी मराठी पुस्तकांबरोबर थोडी कन्नड गोष्टींची पुस्तकेही शाळेला दिली, कोणा एकाला नव्हे. जतच्या एका मुलाने त्यांतले एक पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला सुरुवात केली तेव्हा गावची पाच-सहा मुले त्याच्याभोवती जमली. वर्गात ज्याला काहीच येत नाही असे ती इतके दिवस समजत होती, त्याला एक अख्खी वेगळी लिपी वाचता येते, हे त्यांना त्या दिवशी कळले. आम्ही गटातले फक्त दोघे जण हजर होतो आणि शेवटच्या बाकावर बसलो होतो. फलक नव्हता.

काय साधले आणि काय राहिले

एकही पेटी परत आली नाही. पुस्तकांचे राहिलेले भाग बाईंनी केंद्रशाळेतून, शिल्लक संचांमधून, मिळवले. ते आमच्या पैशाने झाले नाही, त्यांच्या खटपटीने झाले. हजेरीचे सांगायचे तर तिळगुळाच्या दिवशी माळावरची बहुतेक सगळी मुले शाळेत आली आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सतरा-अठराच्या आसपास स्थिरावली. जी मुले भावंडे सांभाळत होती ती सांभाळतच राहिली. कडेवर भाऊ घेऊन उभी राहणारी ती मुलगी, जिला पहिल्या वर्षी अपुरा फ्रॉक मिळाला होता, तिच्या टोळीबरोबर पुन्हा आली होती. बाईंनी तिला भावासकट वर्गात बसू दिले, तो दप्तरावर डोके ठेवून झोपत असे. पण हा उपाय एका समंजस मुख्याध्यापिकेच्या वर्गापुरता आहे. लहानग्यांना दिवसभर सांभाळणारी जागा माळाजवळ असती तर आणखी पाच-सहा मुली शाळेत आल्या असत्या, असे मला ठामपणे वाटते, आणि ते काम पेट्या-स्वेटरांनी होणारे नाही. गटाने ग्रामपंचायतीकडे तशी लेखी मागणी केली आहे आणि तिचा पाठपुरावा चालू आहे.

पुढचा हंगाम १५ नोव्हेंबर २०२४ पासून सुरू झाला. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान होते, म्हणून आमच्या माळावरच्या टोळ्या मतदान करून मगच निघाल्या आणि महिनाअखेरीला पोहोचल्या. दिवाळी त्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्याच दिवशी येऊन गेलेली होती. डिसेंबरात आम्ही पुन्हा संध्याकाळी मापे घ्यायला गेलो. दोन टोळ्या जुन्याच होत्या, एक नवी. आधीच्या हंगामातल्या पेट्यांपैकी अकरा माझ्या डोळ्यांनी मी पाहिल्या. एकीवर उलथण्याने कोरून नाव लिहिले होते. दुसरीत पुस्तकांच्या वर एक घडी घातलेला गणवेश होता, तिकडच्या मूळ गावच्या शाळेचा. त्या मुलीच्या आईने तो काढून दाखवला आणि बाईंना विचारले की इथल्या शाळेचा रंगही हाच आहे ना. रंग तोच होता.